रेझ्काचा हिवाळी रविवार

लग्न झाल्यापासून रेझ्काच्या वाट्याला रविवार असा आलाच नव्हता. उन्हाळाभर तिचा नवरा सिरिल क्लबातल्या मित्रांबरोबर सायकलवर पसार, आणि हिवाळ्यात तीच सायकल स्वयंपाकघरात रोलरवर चढवून जागच्या जागी घर्रघर्र. कोबीचं सूप ढवळता ढवळता तिनं त्याच्या मांड्यांना वळसा घालून फडताळ गाठायचं आणि शेवटी फरशीवरचा घाम पुसायचा. आठवडाभर शाळेतल्या पोरांचं रांधून आलेल्या बाईला हे जरा अतीच होतं.

म्हणून यंदा पहिला बर्फ पडला तसं तिनं फर्मान काढलं. "वर पोक्ल्युकाच्या पठारावर चल माझ्याबरोबर. स्कीवर. पाय तयार राहतील तुझे. नाही आवडलं तर खुशाल काढ तो रोलर परत."

रेझ्का त्या पठारावरच वाढलेली. स्की तिरप्या टाकत, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अंग झोकत ती चढावरही अशी जायची, जणू उतारच आहे. सिरिलच्या मांड्यांत बैलाचं बळ. पण खोड सायकलवाल्याची. पाय क्षणभर थांबवेल तर शपथ!

"अरे, पायडल नाहीये ते! रेटा दिलास ना, आता त्या पायावर उभा राहा. जाऊ दे त्याला जायचं तिथवर."

"पडेन ना!"

"पड की. बर्फच आहे."

पडला, चिक्कार पडला. पण जानेवारीतल्या एका सकाळी तो एका स्कीवर लांबच लांब घसरत गेला आणि पोरासारखा ओरडला, "बघितलंस? फुकटात गेलो!" तेव्हापासून दर शनिवारी तो तिची इस्त्री घेऊन स्कींना मेण लावायला बसू लागला. इस्त्री कामातून गेली. रेझ्कानं खुशीत दुसरी आणली.

आणि मग बोगदान उपटला. क्लबातला सगळ्यात दांडगा गडी. "वहिनी, मीही येतो. बघू तरी तुमची गंमत."

हे दोघे एकत्र आले की तिसऱ्याला जागा नसते, हे रेझ्काला काही नवं नव्हतं.

झालंही तसंच. बोगदान पुढे घुसला, सिरिल त्याच्या मागे. चढावर बोगदानला धाप लागली, आणि सायकलवर करतात तसं, 'आता तू पुढे हो' म्हणून त्यानं सवयीनं कोपर झटकलं. कोपराबरोबर हातातली काठी फिरली, स्कींमध्ये अडकली आणि गडी तोंडावर बर्फात.

"हसू नका, वहिनी!"

"हसत नाहीये. नाक शाबूत आहे का बघतेय."

"हा काय व्यायाम आहे? नुसती सर्कस! सिरिल, पुढच्या रविवारपासून माझ्या गॅरेजात ये. दोघं रोलर लावू. हीटर आहे, बीअर आहे."

सिरिल काय म्हणतो, ते रेझ्काला ऐकायचंच नव्हतं. दोघांना वळसा घालून ती चढाला लागली. त्याच्यासाठी सगळा हिवाळा आवरून धरलेला वेग तिनं आज मोकळा सोडला. एक रेटा, लांब घसरण; दुसरा रेटा, त्याहून लांब. डोळ्यांना पाणी येत होतं, ते वाऱ्यानं, असं तिनं ठरवून टाकलं.

माथ्यावर झाडांचं वळण आलं, तेव्हा मागून आवाज आला. खर्र... खर्र. डावा रेटा जड, उजवा हलका. सिरिलच.

"बोगदान कुठाय?" तिनं मागे न बघताच विचारलं.

"खाली गेला, गाडीकडे. चहाचा थर्मास दिलाय त्याला." सिरिलला धड बोलवत नव्हतं. "आणि... आपला रोलर पण देतो म्हटलं. कायमचाच. चालेल ना?"

चालेल ना, म्हणे! रेझ्कानं वेग किंचित कमी केला, तो मागे चिकटून राहील इतपत.