सुजेची गोळी

माझ्या नवऱ्याला पहिली फिट आली ती द्राक्षबागेत फवारणी संपवून ट्रॅक्टरवरून उतरल्यावर. दोन मिनिटं आधी आली असती तर काय झालं असतं, हा विचार मी तेव्हा केला नाही. त्यांना कुशीवर वळवलं, घड्याळ बघितलं, गाडी बोलावली. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फिट किती वेळ चालली असं विचारलं, तेव्हा मला नेमकं सांगता आलं.

एमआरआयमध्ये मेंदूत दोन बारीक पिशव्या दिसल्या. पट्टकृमीच्या अळ्या, असं बाई म्हणाल्या. हा जंत डुकराच्या मांसातून होतो एवढं मी ऐकून होते. आम्ही जैन. घरात कधी अंडं आलं नाही, पाणी गाळल्याशिवाय पीत नाही, जेवणं दिवस मावळायच्या आत. हे मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"कच्चा पाला खाता?" त्यांनी विचारलं.

शेतात दुपारी मेथीची जुडी पाटाच्या पाण्यात हलवायची आणि भाकरीबरोबर तशीच खायची, हे आमच्याकडे सगळेच करतात. बाईंनी सांगितलं, ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या विष्ठेतून अंडी माती-पाण्यात जातात, तिथून पाल्यावर. ती गिळणाऱ्यानं मांस खाल्लेलं असण्याची गरज नसते.

मग त्यांनी फोटो दाखवून जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. अळी जिवंत असते तोवर शरीराला स्वतःचा सुगावा लागू देत नाही. आपल्या लढणाऱ्या पेशींना थोपवणारी द्रव्यं ती सोडत राहते, आणि अशी वर्षानुवर्षं राहू शकते. ती मरायला लागली की ही राखण ढिली पडते, शरीराला ती परकी दिसते आणि ते तुटून पडतं. त्यातून सूज येते, सुजेतून फिट. एका पिशवीभोवती सूज होती. दुसरीभोवती काही नव्हतं. ती जिवंत होती.

"मग जी गप हाय तिला ऱ्हाऊ द्या की बाई," नवरा म्हणाला. "मारायची कशाला?"

"आणि बागेत काय फवारता तुमी?" मी म्हटलं.

"ती शेती हाय."

बाई हसल्या नाहीत. "ती कधीतरी आपली आपण मरणारच. तेव्हा तुम्ही ट्रॅक्टरवर असाल. आत्ता मारू, सोबत सूज आवरणारी गोळी देऊ."

घरी येऊन मी तक्ता केला. जंताची गोळी दोन वेळा, सुजेची दोन वेळा, फिटची एकदा, सगळ्या जेवणावर. काही दिवस छान गेले. मग आमचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व लागलं आणि नवऱ्यानं दरवर्षीसारखं एकाशन धरलं. दिवसातून एकदाच जेवण, मधे पाणीसुद्धा नाही. एवढ्या गोळ्या एका जेवणात कशा बसवायच्या? मी तक्ता काढला, मुख्य कोणत्या आणि साध्या कोणत्या ते ठरवलं. आजार जंताचा, म्हणून जंताची गोळी मुख्य. दोन्ही वेळच्या एकदम दिल्या. फिटची ठेवली. डोकं तर दुखत नव्हतं, मग सूज कसली? ती ओळ मी खोडली. बाईंना फोन करायचं मनातही आलं नाही.

पर्वाच्या नवव्या दिवशी उलट्या झाल्या, मग फिट आली. पहिलीपेक्षा लांबलेली.

दवाखान्यात बाईंनी तक्ता मागितला. खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "अळी मरत होती, त्यात यांचंच शरीर तिच्यावर चवताळलं. त्याला आवरायला हीच गोळी होती."

मारणारं औषध तेच खरं औषध, असं मी धरून चालले होते.

क्षमावाणीचा दिवस वॉर्डातच आला. त्या दिवशी आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. तोंडपाठ वाक्य असतं, शेजाऱ्यापासून नणंदेपर्यंत सगळ्यांना म्हणायचं. मी नवऱ्याला तक्ता दाखवून म्हटलं, "ही गोळी मी बंद केली. माझी चूक झाली."

त्यांनी कागद बघितला. "माझ्याकडं काय मागतीस? डोक्यातल्या त्या अळीकडं माग," म्हणाले. आणि मग, "मला न्हाई घ्यायची आता जंताची गोळी. दोनदा पडलो, बास झालं."

मी समजावलं नाही. माझ्या सांगण्याला किंमत उरली नव्हती. बाईंनी जंताची गोळी थांबवून सुजेची चालू केली होती. मी एवढंच म्हटलं, प्रत्येक गोळी कशासाठी ते तुम्ही बाईंना विचारा आणि तक्ता तुम्हीच लिहा. ते विचारत बसले, तिरक्या अक्षरात लिहीत बसले. वरच्या ओळीत सुजेची गोळी आली.

सूज उतरल्यावर एका सकाळी बाईंनी जंताची गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली. ते पोटभर जेवले. आधी सुजेची घेतली. मग दुसरी तळहातावर धरून पुटपुटले काहीतरी, मी विचारलं नाही, आणि पाण्याबरोबर गिळली. आम्ही दोघं खाटेवर घड्याळाकडे बघत बसलो. त्या दिवशी फिट आली नाही.