मिठाच्या मचव्यातून पेण ते रोहा: चार बंदरांची आमची क्रूझ

क्रूझला निघालेले ओळखीचे लोक हल्ली मला विचारतात, "बंदरात जेमतेम काही तास मिळतात, त्यात काय काय बघायचं?" मी त्यांना माझ्या पहिल्या क्रूझची गोष्ट सांगते. ती पेणहून निघून रोह्याला संपली होती. एसटीनं हे अंतर दीड-दोन तासांचं. आम्ही तीन दिवस घेतले, आणि तेही समुद्रावरून!

साल साधारण त्र्याण्णव-चौऱ्याण्णव. मी डोलवीच्या कंपनीत टायपिस्ट होते. एका साहेबांच्या टेबलावर सिंगापूरच्या क्रूझची रंगीत पुस्तिका पडलेली असायची. चार बंदरं, प्रत्येक बंदरात सहा तास, पांढरीशुभ्र बोट. जेवणाच्या सुट्टीत मी ती इतक्यांदा वाचली की पानं सुटली. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बोटीत बसाया सिंगापूर कशाला? तुजा मामा हाय ना."

धर्मामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याचा इंजिनाचा मचवा होता. आमच्या खाडीतलं मीठ तो कोळीवाड्यांना मासे खारवायला पोचवायचा आणि रोह्याकडून कौलं भरून परत यायचा. वाटेत बंदरं किती? रेवस, अलिबाग, रेवदंडा, रोहा. मोजून चार! मी खुर्चीतून उडालेच.

आईचं मात्र एकच म्हणणं होतं. तीस वर्षं ती मिठागरात राबत होती. वाफ्याची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायची, मीठ ओढायचं, गोणी भरायच्या. गोणी मचव्यात चढल्या की तिचा संबंध संपला. ती म्हणाली, "मना रेवदंड्याला उतरायचंय. माजा मीठ घेनारी बाई बघायचीय. तिला इचारायचंय, मीठ कसा हाय ते." किल्ले-बिल्ले तिच्या खिजगणतीतही नव्हते. रेवदंड्याचे दोन-तीन तास तिच्या नावावर लिहून टाकले.

मग मी वेळापत्रक टाइप केलं, कार्बन घालून तीन प्रती. भरतीची वेळ काढायची खाडीकाठची रीत सोपी आहे: तिथीला पाऊणनं गुणायचं. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड वाजता, असं पुढे. निघायचा दिवस प्रतिपदेचा होता. पुढच्या तिथ्या मी बोटांवर मोजल्या. मामानं कागद उलटासुलटा बघून आदरानं घडी करून खिशात ठेवला.

पहिला दिवस: धरमतर, रेवस, अलिबाग

दिवाळी उलटून गेली होती. हवा कोरडी, समुद्र शांत, आणि आगरांची डागडुजी अजून सुरू व्हायची होती. तुम्ही असं काही ठरवणार असाल तर हाच मोसम धरा. पेणजवळच्या धरमतरहून पाऊण वाजता भरल्या पाण्यावर निघालो. मिठाच्या गोणी, वर ताडपत्री, ताडपत्रीवर आम्ही दोघी. सोबत तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि भेट द्यायला पेणचे पापड नि मिरगुंडं. भाडं विचारलं तर मामा म्हणाला, "बहिनीकडून भाडा घेऊ? लोक थुकतील."

खाडी रुंदावत गेली तशी आई उभीच राहिली. रेवसच्या धक्क्यावर अर्धा तास थांबलो. गरम कांदाभजी आणि चहा घेतला. मुंबईच्या लाँचमधून उतरणारी गर्दी बघताना मला आपण कप्तानाच्या पाहुण्या असल्यासारखं वाटत होतं. पुढे खाडीचं तोंड ओलांडलं आणि उजवीकडची जमीन संपली. आईनं मला घट्ट धरलं. "अगो बाई, पलीकडं काईच नाय!" ती हसत सुटली. तिला तसं हसताना मी फार वर्षांनी पाहिलं. संध्याकाळी अलिबागला मामीच्या माहेरी मुक्काम केला. तिथं वीस गोणी उतरवायच्या होत्या म्हणून मामानं रात्रीच्या पाण्यावर मचवा गावालगतच्या उथळ खाडीत आत घेतला.

दुसरा दिवस: माझी हुशारी

सकाळी ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत गेलो. पाणी घोट्याएवढंच होतं, चपला हातात धरायच्या. आत गोड्या पाण्याची विहीर आहे. आईनं ओंजळभर पाणी पिऊन विहिरीकडे संशयानं पाहिलं. चहूकडे समुद्र आणि मध्ये गोडं पाणी, हे तिच्या तीस वर्षांच्या हिशेबात बसेना.

"पानी भरलं की या," मामानं बजावलं होतं. माझ्या कागदावर भरती दीड वाजता होती. त्यामुळे परत येऊन खाणावळीत निवांत जेवलो. बारा रुपयांत सुरमईचं कालवण, भात, सोलकढी. त्या पैशांत मी आयुष्यात इतकं चांगलं जेवले नाही. खिडकीतून खाडी दिसत होती. आई म्हणाली, "सुमे, पानी फुगलंय गो. चल."

"अजून पाऊण तास आहे, आई. कागदावर आहे ना!"

मग मी बाजारात बांगड्या बघितल्या. सव्वाला खाडीवर आलो, तर पाणी उतरायला लागलेलं, भरलेला मचवा उथळ चिखलात टेकून जरासा कललेला आणि मामा काठावर उकिडवा बसलेला. मी धावत जाऊन शेजारच्या दुकानातलं कॅलेंडर बघितलं. प्रतिपदा लागोपाठ दोन दिवस होती. तिथीची वृद्धी! बोटांवर मोजताना ती मला कशी दिसणार? अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

"तू निघून का नाही गेलास?" मी मामालाच विचारलं.

"बहिनीला टाकून? नि तू म्हनालीस कागदावर हाय. शिकलेली पोरगी, मना वाटलं मीच चुकलो."

आता मध्यरात्रीनंतरच्या पाण्यावर सुटका. म्हणजे रेवदंड्याला पोचायला पहाट होणार, आणि रोह्याला चढायची भरती धरायची तर तिथं फक्त गोणी उतरेपर्यंतचा वेळ. आईच्या दोन-तीन तासांचा मी एक तास करून ठेवला होता. मला रडू आलं. मी म्हटलं, "आई, आपण आत्ता एसटीनं रेवदंड्याला जाऊ. तासाभरात पोचू. अख्खी संध्याकाळ मिळेल."

आई गोणींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मीठ एकीकडं नि मी एकीकडं? मंग मी कंची बाई म्हनून सांगू तिला? मी मिठासंगतीच उतरनार."

तिसरा दिवस: रेवदंडा, एक तास

उजाडताना रेवदंड्याच्या धक्क्याला लागलो. मचवा टेकायच्या आत आईनं पदर खोचला होता. मी किल्ल्याचं नावसुद्धा काढलं नाही. मामाची माणसं गोणी उचलायला लागली आणि पहिल्या गोणीच्या मागोमाग आई चालत गेली.

कोळीवाड्याच्या टोकाला मासे खारवायची जागा होती. टोपल्या, चिरलेले मासे, वासानं डोळ्यांत पाणी. तिथं चांगुणा नावाची कोळीण बसली होती, आईच्याच वयाची. मामानं ओळख करून दिली, "ही माजी बहीन. मीठ हिच्या आगरातला."

चांगुणानं आईला आपादमस्तक पाहिलं. "तू करतंस व्हय ह्यो मीठ?"

"व्हय. कसा हाय?"

चांगुणानं नवी गोण उसवली, मूठभर मीठ तळव्यावर पसरलं. "दाना झ्याक हाय. मासा धरून ठेवतो. दुसरीकडचा मीठ मी घेत नाय." आईचा चेहरा फुलला. तोच चांगुणानं बोटानं एक बारीक खडा बाजूला केला. "पन ह्यो येतो मधी. मीठ चोळताना हाताला लागतो, नि कापलेल्या हाताला परत मीठच. आठ-आठ दिवस भरून येत नाय." तिनं तळवे पुढे केले. नुसत्या चिरा.

आई खाली बसली आणि आपले पाय पुढे घेतले. टाचा तशाच फाटलेल्या. चांगुणा तिच्या पायांकडे बघत राहिली, आई तिच्या हातांकडे. मग दोघी एकदम हसायला लागल्या.

उरलेला वेळ त्यांनी कसा वापरला, ते कुठल्याच पुस्तिकेत सापडणार नाही. चांगुणानं मासा चिरून मीठ कसं चोळायचं ते दाखवलं, आईनं चार मासे चोळले, मुलांची लग्नं कुठं झाली ते विचारलं, टाचांवर काय लावायचं ते ठरलं. पापड गेले, खारवलेले बांगडे आले. शेवटची गोण उतरली तशी मामानं हाक मारली. एवढा भरगच्च तास पुढे सिंगापूरलाही मला मिळाला नाही.

मग कुंडलिका नदीतून वर. दोन्ही काठांना नारळी, मग खारफुटी, मग भातखाचरं. भरती मागून ढकलत होती. दुपारी रोह्याच्या अलीकडे उतरलो, स्टँडवर मिसळ खाल्ली आणि नागोठण्यावरून एसटी पकडली. बस पेणच्या रामवाडी स्टँडला पोचेपर्यंत आई खिडकीशी बसून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती.

तेव्हापासून मी बंदरात उतरताना यादी करत नाही. तिथं कुणाला भेटायचंय एवढंच ठरवते, आणि बोटीची वेळ दोनदा विचारते. पण खरी प्रवासाला गेली होती ती आई. फाल्गुनात मी तिचा डबा घेऊन आगरावर गेले, तर बाकीच्या बायकांच्या गोणी शिवून झालेल्या आणि ही उघड्या गोणीत हात घालून खडे वेचत बसलेली. मुकादम बांधावरून ओरडला, "आटप गो! तिकडं रेवदंड्याला कोन बघाया बसलंय?"

आईनं मान वर केली नाही. "चांगुणा बसलीय," ती म्हणाली.