पहिलीसाठी मूल शोधताना

उन्हाळा लागला की आम्ही शिक्षक मुलं शोधायला निघतो. भंडाऱ्यात विणकरांच्या वस्तीत आमची शाळा. मी नोकरीला लागले तेव्हा पहिलीत मुलं दाटीवाटीनं बसायची, एकेका घरातली भावंडं वर्गावर्गांत सापडायची. आता काही मुलं इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये जातात हे खरं, पण मुळात घरांतच मूल एखादं. करोनानंतर तर वस्तीतून बारशाचं बोलावणंही क्वचितच येतं.

गेल्या वर्षी अशीच फिरत एका ओळखीच्या घरी गेले. तिथली सून माझी जुनी विद्यार्थिनी. तिची मुलगी आमच्याच शाळेत. सासूनं पाणी दिलं आणि मला बसवून घेतलं.

"मॅडम, तुमीच समजवा इले. एकीवरच थांबून राहिली. मंग तुमच्या शाळेले तरी पोट्टे कुठून भेटतीन?"

पाय दुखत होते. मी सुनेकडे पाहिलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मॅडम, तुमाले पोट्टं वर्गात पाहिजे, ह्या आईले मांडीवर पाहिजे," ती शांतपणे म्हणाली. "मले काय पाहिजे, हे कोनी इचारत नाही."

मग तिनं लॉकडाऊनमधलं सांगितलं. नवऱ्याचं वरठीच्या कारखान्यातलं काम बंद, तान्ही मुलगी तापलेली, दवाखान्यात जायला ऑटो मिळेना. शेवटी ती पोरीला छातीशी धरून नवऱ्यामागे मोटारसायकलवर बसली. प्रत्येक चौकात पोलिसांनी अडवलं. "पोरगी वाचली. पन त्या दिवशी जे भेव बसलं, ते अजून गेलं नाही. पुन्हा तसं झालं तर ते सोसायची हिंमत माह्यात नाही."

मागच्या खोलीत पूर्वी सासूचा माग होता. कळा सुरू होईपर्यंत ती त्यावर बसायची, हे मी वस्तीत ऐकलं होतं. पाच लेकरं झाली तिला, दोन गेली.

"मले बी कोनी नव्हतं इचारलं," ती म्हणाली. सुनेच्या हातातला कपडा घेऊन तीही घडी घालायला लागली.

मी चहा पिऊन उठले. पहिलीत घालायला त्या गल्लीत एकही मूल मिळालं नाही. सासूनं तो विषय पुन्हा काढला नाही, असं सुनेनं नंतर सांगितलं.

यंदा आमची शाळा पलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळली. बाकं टेम्पोत चढली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं. नुसती झोप येत होती. नव्या शाळेतही पहिलीचा वर्ग अर्धा रिकामा आहे. पुण्याला असलेली माझी लेक, लग्नाला बरीच वर्षं झालेली, दर रविवारी फोन करते. आम्ही तब्येतीचं, भाजीचं बोलतो. बाकी मी विचारत नाही.