एस्तेरची देवाशी कट्टी

शाळेतल्या टीचरला सांगण्यासारखे किस्से जमवायला वर्ष लागत असेल. संडे स्कूलच्या टीचरला रविवारचा पाऊण तास पुरतो! मुलुंडच्या आमच्या मराठी चर्चमध्ये मी तीन वर्षं सात ते दहा वयाच्या पोरांना शिकवते. अकरा पोरं, एक खोली. त्या खोलीत जास्तीच्या खुर्च्या, नाताळचा मोडका स्टार आणि बंद पडलेला ऑर्गनपण राहतो. पोरं एकेक असं बोलून जातात की मी घरी येऊन आईला सांगते, मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकते, आणि पुढच्या रविवारी नवा ढीग तयार असतो.

यंदाचे किस्से मात्र मी ग्रुपवर टाकले नाहीत. यंदा वर्गातल्या एका मुलीने मध्येच देवाशी बोलणं बंद केलं. ती पुन्हा बोलेल की नाही, हे मला खरंच कळत नव्हतं. आता सांगते.

* * *

सुरुवात कमिटीने केली. वर्षाचा विषय कमिटी ठरवते, आणि कमिटीतले सगळ्यात तरुण मेंबर बासष्ट वर्षांचे आहेत! विषय आला : 'परीक्षेच्या वेळी देवावर भरवसा'. पहिला धडा अब्राहामाचा. देव म्हणतो मुलाचं अर्पण कर, बाप मुलाला डोंगरावर नेऊन बांधतो, सुरी उचलतो, आणि ऐन वेळी देव थांबवतो.

मी साळवे अंकलना गाठलं. साळवे अंकल आमचे सुपरिंटेंडेंट. पोस्टातून रिटायर झालेत. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"अंकल, सात वर्षांच्या पोरांना ही गोष्ट सांगायची?"

"आम्ही याच वयात शिकलो. आम्हाला काय झालं?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण आई चार बाकं सोडून बसली होती.

मी कापडी बोर्ड लावला. त्यावर कागदी चित्रं चिकटवून गोष्ट सांगायची असते. नेमकं इसहाकाचं, म्हणजे त्या मुलाचं, चित्र हरवलेलं. मी त्याच्या जागी लहान दावीद लावला, गोफणीसकट. पहिल्या रांगेत जोएल होता. वय सात, पुढचे दोन दात गायब.

"टीचर, त्याच्याकडे गोफण आहे ना? मग तो गुपचूप बांधून का घेतोय?"

हे निस्तरेपर्यंत मागून एस्तेरने हात वर केला. एस्तेर नऊ वर्षांची. बोलते कमी, पण प्रश्न विचारला की मान तिरकी करून उत्तराची वाट बघते.

"टीचर, खाली उतरताना दोघं काय बोलले?"

मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. फोनवर आणखी दोन भाषांतरं उघडली. कुठेच नाही! साळवे अंकलना विचारलं, तर म्हणाले, "लिहिलेलं नाही, म्हणजे विचारायचं नाही."

"मी असतो ना," जोएल म्हणाला, "तर घरी जाऊन पहिलं मम्मीला सांगितलं असतं!"

* * *

भरवसा म्हणजे काय हे बोलून कळत नाही, म्हणून मी कॉलेजच्या कॅम्पमधला खेळ आणला. एकाने डोळे मिटून मागे पडायचं, दुसऱ्याने झेलायचं. खाली सतरंज्यांचे तीन पदर घातले. एस्तेरने जोएलला मस्त झेललं. मग जोएलची झेलायची पाळी आली आणि त्याला खिडकीत कबुतर दिसलं.

एस्तेर सतरंजीवर आपटली. रडली नाही. झोपूनच तिने विचारलं, "टीचर, देवाचं लक्ष नसलं तर?"

"देव जोएल नाहीये गं!" मी म्हणाले. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून साळवे अंकल आले. हा काय तमाशा, संडे स्कूल आहे की आखाडा, वगैरे झालं. माझं डोकं फिरलं.

"अंकल, भरवशाचाच धडा आहे. तुम्हीच पडून दाखवा ना. आम्ही सगळे झेलतो."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. अंकल कोंडीत सापडले. पाठ करून उभे राहिले, डोळे मिटले, हात जोडले. आम्ही बारा जणांनी हात पसरले. एक मिनिट झालं. दोन झाली. अंकल तसेच, खांबासारखे!

शेवटी डोळे उघडून शर्ट नीट करत म्हणाले, "माझा देवावर पूर्ण भरवसा आहे. या पोरांवर नाही."

* * *

मग मला ताप आला आणि एका रविवारी माझा वर्ग अंकलनी घेतला. त्यांनी शिकवलं, "खरा विश्वास असेल तर वस्तू मिळायच्या आधीच देवाचे आभार मानायचे."

आमच्याकडे उपासनेत उपकारस्तुती असते. ज्याला देवाकडून काही मिळालं असेल त्याने उभं राहून सगळ्यांसमोर आभार मानायचे. कुणाचं ऑपरेशन नीट झालं, कुणाला नोकरी लागली. त्या दिवशी जोएल उभा राहिला, थेट माइकपाशी गेला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "देवबापा, मला छोटी बहीण दिल्याबद्दल थँक यू!"

"हालेलूया!" आमचे पास्टर, पाळकसाहेब, सवयीने म्हणाले.

जोएलची मम्मी एक्केचाळीस वर्षांची, दोन मुलांवर थांबलेली. उपासना संपताच तिच्याभोवती घोळका जमला. "कितवा गं?" "मला तर चालण्यावरून वाटलंच होतं!" एक आजी तर घरून लोणचं आणायला निघाल्यासुद्धा. जोएलचे पप्पा एका कोपऱ्यात उभे राहून आपल्या बायकोकडे बघत होते.

सोमवारी तिचा मला फोन आला. "रूथ, तू काय शिकवतेस गं पोरांना?" मी शांतपणे साळवे अंकलचा नंबर दिला.

* * *

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. एस्तेरचे पप्पा प्रकाशदादा गोरेगावला एका स्टुडिओत लाइटमन आहेत. सेटच्या वर दोरांनी फळ्या टांगलेल्या असतात, त्यांना तराफा म्हणतात. त्यावर बसून लाइट फिरवायचे. सोळा वर्षं ते काम केलेला माणूस एका दुपारी तिथून पाय घसरून पडला. मणक्याचं ऑपरेशन झालं. कमरेखाली ताकद नाही. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने थांबा, आत्ता काहीच सांगता येणार नाही."

आमची चर्चची मंडळी प्रेमळ आहे, हे मी मान्य करते. हॉस्पिटलमध्ये डबे गेले, रात्रपाळीला माणसं गेली. पण जो जाईल तो एस्तेरच्या डोक्यावर हात ठेवून एकच वाक्य म्हणायचा. "बाळ, देव आपली परीक्षा बघतोय."

रविवारी ती वर्गात आली. पुस्तक उघडलं नाही.

"टीचर, परीक्षा नक्की कुणाची आहे? माझी की पप्पांची?"

"का गं?"

"माझी असेल, तर पप्पांना कशाला पाडलं? मला पाडायचं ना."

जोएलने लगेच तोंड उघडलं. "माझी परीक्षा असली की माझ्या पप्पांचंच पोट बिघडतं."

ती हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा! मी जोएलला त्या दिवशी दोन चॉकलेटं दिली.

* * *

त्याच्या पुढच्या रविवारी पुस्तकात कोण होतं, तर इयोब! गुरंढोरं गेली, दहा मुलं गेली, अंगभर फोड आले, तरी देवाला धरून राहिलेला माणूस.

"अंकल, प्लीज. हा धडा आत्ता नको. एस्तेर समोर बसलेली असणार."

"रूथ, क्रम बदलायचा नाही."

मी शिकवला. शेवटी इयोबाला पुन्हा दहा मुलं झाली, असं सांगून भराभर पुस्तक मिटत होते. एस्तेरची मान तिरकी झालीच.

"आणि पहिली दहा?"

"ती... गेली ना गं."

"मग त्यांची कसली परीक्षा होती? त्यांना कुणी सांगितलं पण नव्हतं."

मी प्रश्न घेऊन साळवे अंकलकडे गेले. "तुझ्या वर्गात प्रश्न फार आणि पाठांतर कमी," अंकल म्हणाले. मग मी थेट पाळकसाहेबांच्या घरी धडकले. ते चहात बिस्किट बुडवत होते. माझं सगळं ऐकून घेतलं. तोवर बिस्किट कपात पडलं.

"पस्तीस वर्षं मला हाच प्रश्न पडलाय," ते म्हणाले. मग दाराकडे बघत हळूच, "कमिटीत बोलू नकोस."

* * *

प्रकाशदादा घरी आले, पण पलंगावरच. आणि अंकलच्या डोक्यात आलं की आता एस्तेरने उपकारस्तुतीत उभं राहावं. पप्पा चालायला लागल्याबद्दल आधीच आभार मानावेत. मंडळीचा विश्वास वाढेल!

"अंकल, जोएलचं काय झालं आठवतंय ना?"

"तो पोरकटपणा होता. हा विश्वास आहे."

चर्चच्या व्हरांड्यात त्यांनी तिला गाठलं. मी मुद्दाम शेजारी उभी राहिले. अंकल चांगली पाच मिनिटं समजावत होते. गोड आवाजात, खोटं नाही सांगत.

एस्तेरने सगळं ऐकलं. "मी नाही बोलणार."

"भीती वाटते का माइकची?"

"नाही. माझी देवाशी कट्टी आहे."

"असं म्हणू नये बाळ! देवाशी कट्टी कुणी करतं का?"

तिने करंगळी वर करून दाखवली. "मी केली. पप्पा पडले त्याच दिवशी. जेवणाआधीच्या प्रार्थनेलापण मी नुसतं तोंड हलवते."

अंकलनी माझ्याकडे असं बघितलं, जणू करंगळी मी उचलली होती! आणि पुढच्या रविवारपासून एस्तेर यायचीच बंद झाली.

एक रविवार गेला, दोन गेले, तीन गेले. तिची मम्मी फोनवर म्हणायची, "ऐकतच नाही गं. तोंड फिरवून बसते." मला झोप लागेना. नऊ वर्षांची पोर आणि मी तिला देऊन काय ठेवलं होतं? सुरी, फोड आणि दहा मेलेली मुलं. वा!

* * *

चौथ्या रविवारी मी वर्गात गेले आणि म्हणाले, "चपला घाला. आज वर्ग एस्तेरच्या घरी."

कमिटीची परवानगी? घेतली नाही. पालकांना सकाळीच मेसेज टाकला होता. तीन रिक्षा केल्या, जोएलची मम्मी आणि आणखी एक आई सोबत आल्या, आणि दहा पोरं दुसऱ्या मजल्यावरच्या दीड खोलीत घुसली. प्रकाशदादा पलंगावर उशांना टेकून बसले होते. त्यांनी एकेकाला आमच्या चर्चच्या रीतीने "सलाम, सलाम" केलं. एस्तेर कपाटाला टेकून उभी. आमच्याकडे पाठ.

मी धडा सुरू केला आणि दारात साळवे अंकल! धापा टाकत, हातात रजिस्टर. कुणीतरी त्यांना फोन केला असणार. पण घरात आजारी माणूस, समोर पोरं, ओरडणार कसे? एस्तेरच्या मम्मीने स्टूल दिलं. बसले.

धडा पेत्राचा होता. यावेळी क्रम माझ्या बाजूने होता. पेत्र पाण्यावर चालत येशूकडे निघतो, वारा बघून घाबरतो, बुडायला लागतो आणि ओरडतो, मला वाचव. येशू लगेच हात धरतो.

मी श्वास घेते न घेते तोच जोएल पलंगाकडे वळला. चार महिन्यांत मोठ्या माणसांपैकी एकानेही जे विचारलं नव्हतं, ते त्याने विचारलं.

"अंकल, तुम्ही पडताना देवाला हाक मारली होती का?"

"जोएल!" त्याची मम्मी, मी आणि साळवे अंकल, तिघेही एकदम.

प्रकाशदादांनी हाताने आम्हाला थांबवलं. विचार केला. "नाही रे. वेळच नाही मिळाला."

"एवढापण नाही?"

"हातातला लाइट सुटला होता. खाली मेकअपवाली पोरगी उभी होती. मी तिला ओरडलो, बाजूला हो."

"मग?"

"ती बाजूला झाली. मी खाली आलो."

कपाटाजवळची पाठ वळली. हे तिलाही माहीत नव्हतं. तिच्या मम्मीलाही नव्हतं, तिच्या तोंडावरून कळलं मला.

पुढे काय शिकवायचं ते मी विसरले. म्हटलं, "आपण प्रार्थना करू. कोण करेल?" अशा वेळी पोरं जमिनीकडे बघतात, तशी बघायला लागली.

"मी करते," एस्तेर म्हणाली.

ती पलंगाजवळ आली. हात जोडले. डोळे मिटले नाहीत. वर छताकडे बघत, कुणाला तरी जाब विचारावा तशी म्हणाली, "देवबापा, पप्पांना हाक मारायला वेळ नव्हता. ते दुसऱ्याला वाचवत होते. पण तुला तर वेळ होता ना?"

आणि थांबली. आमेनसुद्धा म्हटलं नाही.

साळवे अंकल स्टुलावरून उठले. "बाळ, देवाला असं..."

"आमेन!" प्रकाशदादा म्हणाले. इतक्या मोठ्याने, की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.