सव्वा तासाचं अंतर

अदिस अबाबाहून अस्मारा विमानाने जेमतेम सव्वा तास. आमच्याकडे कॉफी तीन फेऱ्यांत पितात, त्यालाही याहून जास्त वेळ लागतो. दोन्ही देशांतल्या युद्धामुळे ते विमान वीस वर्षं बंद होतं. माझी शेजारीण लेतेकिदान रोज अस्मारातल्या भावाचाही कप भरून ठेवायची.

विमान सुरू झालं, तशी ती पहिल्याच फेरीला गेली. दारात वहिनी विधवेच्या काळ्या कपड्यांत उभी होती. भावाला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"निरोप तरी धाडायचा!" लेतेकिदान किंचाळली.

"वन्सं, मरणाची बातमी आपल्यात दारात येऊन सांगायची असते. मी येणार कशी होते?"

परतल्यावर तिने पुन्हा भावाचा कप भरला. मी हात धरला, तशी खेकसली, "सोड! अकरा वर्षं मेलेल्यालाच पाजत होते. आज काय बिघडलं?"