पाय लागला तर

आधी एक गोष्ट साफ सांगतो. मी देव देव करणारा माणूस नाही. चतुर्थी कधी आहे ते मला आईच्या फोनवरून कळतं, आणि मंदिरात मी जातो ते तिथल्या कँटीनमधल्या डोशासाठी. तरीही इंटरनेटवर माझी जी एकुलती एक प्रसिद्ध क्लिप आहे, तिच्यात मी भर मॅचमध्ये, भरल्या स्टेडियमसमोर, बॉलला नमस्कार करताना दिसतो. लोक पोट धरून हसले. हसा, माझं काही म्हणणं नाही. पण काय झालं ते आधी नीट ऐका.

मी अमेरिकन फुटबॉल खेळायचो. हौस म्हणून नाही, नोकरी म्हणून. रनिंग बॅक होतो. म्हणजे बॉल काखेत दाबायचा आणि समोर जी दीडदीडशे किलोंची माणसं उभी असतात त्यांच्यातून फट शोधून घुसायचं. फट नसली तरी घुसायचं. नवव्या वर्षी मी पुण्याहून टेक्सासमध्ये, अर्विंगला आलो. बाबा सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या घराण्यात सगळ्यांच्या मांड्या दणकट. बाबांच्या खुर्चीत बसून वाया गेल्या, माझ्या शाळेच्या कोचच्या नजरेत भरल्या. एवढाच फरक.

अर्विंगमधल्या काकालोकांना हे कधीच पटलं नाही. कोणाकडेही जेवायला गेलं की सुरू. "खेळतोस ते ठीक आहे रे, पण मास्टर्स कधी करणार? तिशीत खेळ खलास, मग काय?" एकदा मी म्हटलं, "काका, तुमचा व्हिसा दर तीन वर्षांनी संपतो, त्याला तुम्ही करिअरच म्हणता ना?" बाबांनी डोळे वटारले. आई भाजी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ती हसत होती, हे मला पक्कं माहीत आहे.

काका तसे खोटं बोलत नव्हते. या खेळात सगळ्यात जास्त मार आम्ही खातो आणि सगळ्यात आधी आम्हालाच नारळ मिळतो. सव्विसाव्या वर्षी मला टीममधली पोरं 'म्हातारा' म्हणायची. कॉलेजच्या टीममध्ये मी स्कॉलरशिपशिवाय घुसलो, पुढे ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजमधली पोरं निवडून घेतात तेव्हा, मला कुत्र्यानंही विचारलं नाही, तरी दोन सीझन टिकलो. मॅचमध्ये चार-पाचदा बॉल हातात यायचा. उरलेला वेळ आमच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्याच्या, अंगावर जे धावून येतात त्यांना अडवायचं. ते कोणी बघत नाही. मी त्यात पटाईत होतो. स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

आता पायाचं. आमच्या घरी, आणि तुमच्याही असेल, पाय वहीला लागो, ताटाला लागो, शेजारी बसलेल्या माणसाला लागो, वाकून हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा. "पाय लागला ना? नमस्कार कर." लहानपणी हे इतकं ऐकलं की पुढे कोणी सांगायची गरजच उरली नाही. हात आपला आपण जायचा. आमच्या खेळात तर सगळा एकमेकांवर पडण्याचाच कारभार. ढिगाऱ्यातून उठताना कोणाच्या तरी हातावर, पोटावर पाय पडतोच. शिट्टी झाली की मी त्याच्या खांद्याला हात लावून हेल्मेटला न्यायचो. समोरच्याला वाटायचं, सज्जन दिसतोय बिचारा. कोणाची हरकत नव्हती.

घोळ झाला तो दसऱ्यामुळे. दसऱ्याला आई बाबांच्या लॅपटॉपची, गाडीच्या किल्ल्यांची आणि स्वतःच्या शिलाई मशीनची पूजा करते. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याची पूजा, असा तिचा हिशेब. मी नववीत शाळेच्या टीममध्ये गेलो त्या वर्षी तिने माझा बॉलही पाटावर मांडला. लांबट बॉल, सारखा घरंगळायचा. तिने दोन्ही बाजूंनी तांदूळ लावून त्याला बसवला, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. त्यानंतर दरवर्षी. सॉकरच्या बॉलला मी खुशाल लाथा मारायचो. पण हा बॉल पाटावर बसलेला होता. त्याला पाय लागला की माझा हात जायचा.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षीचा ऑगस्ट. सीझन सुरू व्हायच्या आधी टीमकडे नव्वद माणसं असतात आणि महिन्याच्या शेवटी त्यातली त्रेपन्न ठेवतात. माझ्या जागेवर एकच जण राहणार होता. एक मी, आणि दुसरा बावीस वर्षांचा, कॉलेजमधून ताजा आलेला, माझ्यापेक्षा पळायला तेज. माझी जागा राहते की जाते, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचा निकाल सरावाच्या मॅचेसमध्ये लागणार होता. त्यातल्या दुसऱ्या मॅचमध्ये आमच्या क्वार्टरबॅकच्या हातून बॉल निसटला. असा मोकळा बॉल जो दाबेल त्याच्या टीमचा. तो टप्पा खात थेट माझ्याकडे आला आणि माझ्या बुटाला लागला. मी वाकलो. जगातला कोणताही रनिंग बॅक त्या क्षणी बॉलवर अंग झोकून देतो. मी हात लावला आणि हात कपाळाला नेला. हेल्मेटवर टक् आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो. तेवढ्यात समोरच्या टीमचा एक जण माझ्या दोन पायांमधून बॉल ओढून घेऊन गेला.

संध्याकाळपर्यंत क्लिप सगळीकडे. कोणी म्हणे बॉलला आशीर्वाद देतोय, कोणी म्हणे योगा करतोय. अर्विंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी टाकलं, 'संस्कार!' आणि पुढे हात जोडलेले. त्यांना खरंच अभिमान वाटला होता की काय, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मीटिंग रूममध्ये आमच्या रनिंग बॅक्सच्या कोचने ती क्लिप सात वेळा लावली. तो स्वतः एकेकाळी रनिंग बॅक होता. खुर्चीतून उठताना त्याचे गुडघे कटकट वाजायचे. माझ्यावर त्याचा जीव होता, म्हणूनच जास्त भडकला होता. बाकीच्यांना बाहेर काढून त्याने विचारलं, "हे तुझ्या धर्मात आहे का? असेल तर सांग. मग मी एक शब्द बोलणार नाही, आणि ऑफिसमधले लोकही खटल्याच्या भीतीने तुला काढणार नाहीत."

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण खोटं कशाला बोलू? "धर्म नाही, सवय आहे," मी म्हटलं.

"मग सोड. पुन्हा दिसलं तर मी तुला वाचवू शकणार नाही."

त्याच दुपारी आईचा फोन आला. रडत होती. "माझ्यामुळे झालं रे. मीच मेलीने तो बॉल पाटावर ठेवला." मी म्हटलं, आई, पुरे. पण ती ऐकते थोडीच. तिसऱ्या दिवशी सूटकेस घेऊन माझ्या अपार्टमेंटच्या दारात हजर. "सवय मी लावली, मीच सोडवते," म्हणाली, आणि चहासुद्धा न पिता माझं टीपॉय भिंतीला सरकवलं.

पुढचे चार दिवस प्रॅक्टिसवरून आलो की आमची दुसरी प्रॅक्टिस. आई सोफ्यावर बसून माझ्या पायावर बॉल टाकायची आणि ओरडायची, "लागला पाय! पड!" मी पडायचो, पण त्याआधी हात कपाळाकडे निघालेला असायचा. मग ती लाटण्याने त्या हातावर मारायची. हळू नाही, चांगलं सणसणीत. शंभर किलोंचा घोडा मी, लाटण्याचा मार चुकवतोय! खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा वर येऊन गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा आईने त्यांच्या हातात डिंकाचे दोन लाडू ठेवले आणि दार लावलं.

मला मनातून संताप येत होता. कोचचा नाही, क्लिप बघून हसणाऱ्यांचाही नाही. ज्या बाईने मला लहानपणी हजारदा "नमस्कार कर" सांगितलं, तिलाच आता "नको करू" सांगावं लागतंय, याचा. तिला ते जड जात होतं. बॉल टाकताना दरवेळी तिचे डोळे बारीक व्हायचे. चौथ्या दिवशी मी ओळीने वीस वेळा पडलो आणि हात एकदाही वर गेला नाही. मी खूश होऊन वर बघितलं, तर आईने बॉल मांडीवर घेतलेला, त्याला हात लावून ती स्वतःच्या कपाळाला नेत होती. मी बघितलेलं तिला दिसलं.

"नमस्कार मी करते," ती म्हणाली. "तू पड."

मी उगाच पाणी प्यायला गेलो.

शेवटच्या मॅचला मी जीव तोडून खेळलो. सहा वेळा बॉल मिळाला, सहाही वेळा पुढेच गेलो. आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये पुन्हा तेच. बॉल सुटला, गवतावरून उडत आला, माझ्या पावलावर आपटला. मी पडलो. असा पडलो की बॉल छातीखाली आणि वर सहा माणसं. त्या ढिगाऱ्यात काय चालतं ते सांगण्यासारखं नाही. बोटं पिरगळतात, बरगड्यांत कोपर घालतात. मी सोडला नाही. शिट्टी झाली, बॉल आमचा झाला, कोचने येऊन माझ्या हेल्मेटवर असा फटका मारला की कान वाजले.

उठताना माझा पाय खाली पडलेल्या एकाच्या हातावर पडला. शिट्टी कधीच झाली होती. घाई कसलीच नव्हती. हात आपोआप गेला नाही, हे मी शपथेवर सांगतो. चार दिवसांच्या लाटण्याने त्याचा बंदोबस्त केला होता. मी एक क्षण थांबलो, विचार केला, आणि मुद्दाम वाकलो. त्याच्या खांद्याला हात लावला, हेल्मेटला नेला. कॅमेरा होता तर होता. माझा पाय लागला होता.

नावं कापायच्या दिवशी सकाळी निरोप आला, टॅब्लेट घेऊन ऑफिसात ये. टॅब्लेटमध्ये टीमचे सगळे डाव असतात. तो परत मागितला की समजायचं. आत टीम चालवणारे साहेब होते, कोपऱ्यात आमचा कोच, आणि टेबलाजवळ मार्केटिंगची एक हसरी मुलगी.

साहेब म्हणाले, त्रेपन्नात तू नाहीस. पोरगा तरुण आहे. पण आम्हाला तुला सोडायचं नाही. प्रॅक्टिससाठी ठेवलेल्या माणसांत एक जागा आहे, कोणाला द्यायची ते ठरायचंय. मग त्यांनी त्या मुलीकडे बघितलं. तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पडद्यावर एक टी-शर्ट, त्यावर वाकलेल्या खेळाडूचं चित्र, हात कपाळाला. "लोकांना हे भयंकर आवडलंय," ती म्हणाली. "विशेषतः तुमच्या लोकांना. आपण याला तुझी खूण करू. प्रॅक्टिस बघायला लोक येतात तेव्हा, व्हिडिओत, प्रत्येक धावेनंतर तू बॉल खाली ठेवायचा आणि असं करायचं."

"पाय लागला नसला तरी?" मी विचारलं.

तिला प्रश्नच कळला नाही. कोचला कळला. तो खाली बघत होता, पण त्याच्या मिशा हलत होत्या.

साहेब म्हणाले, "दोन सेकंदांचं काम आहे. तसंही करतोसच की."

मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते लिहून कळणार नाही. प्रॅक्टिसचा माणूस म्हणजे अजून एक सीझन, अजून एक संधी, कोणाचा गुडघा गेला तर थेट मैदानात. सव्विसाव्या वर्षी बाहेर पडलेल्या रनिंग बॅकला परत कोणी बोलवत नाही. हे सगळं मला त्या खुर्चीत बसून स्वच्छ दिसत होतं. आणि जी टीम आधी सोड म्हणून माझ्या मानेवर बसली होती, तीच आता ते रोज करून दाखव म्हणत होती, तेही दिसत होतं.

"पाय लागला तर करतो," मी म्हटलं. "नाही लागला तर नाही."

"संध्याकाळपर्यंत विचार कर."

"झाला विचार."

मी टॅब्लेट टेबलावर ठेवला, कोचशी हात मिळवला आणि निघालो. निघताना साहेब म्हणाले, फोन करतो. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी ती जागा दुसऱ्याला गेल्याचं मी बातमीत वाचलं. नमस्काराला नाही म्हणालो म्हणून गेली का? मला विचाराल तर, हो. सिद्ध करता येत नाही, पण मी हो म्हणणार.

आई तोवर अर्विंगला परतली होती. त्याच दिवशी घरी फोन केला आणि सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "अरे, दोन सेकंद वाकायला काय जात होतं? एक वर्ष तरी मिळालं असतं." त्यांचं चूक नाही, त्यांनी या देशात बरंच काही असं वाकून मिळवलंय, आमच्यासाठीच. आईही स्पीकरवर होती. मला वाटलं, पुन्हा रडणार, पुन्हा स्वतःला बोल लावणार.

"त्या साहेबाला," ती म्हणाली, "बाहेर पडताना तुझा पाय लागला का?"

"नाही गं."

"लागायला हवा होता."