अनीसच्या आकाशातला ठिपका

अकोल्याहून अनीसच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी कॉम्प्युटरवर एका नवरीच्या गालावरचा मुरूम काढत होतो. "काका, अब्बू गेले..." मी "हो बेटा" म्हणालो आणि मुरुमाबरोबर नवरीचं अर्धं नाकही पुसून बसलो. अनीसला हे सांगता आलं असतं, तर तो पोट धरून हसला असता.

आम्ही अचलपूरचे, शाळेत एकाच बाकावरचे. तो अमरावतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागला, मी बडनेऱ्यात फोटो स्टुडिओ टाकला. गणित मला आयुष्यात जमलं नाही, म्हणून आपलं संशोधन तो नेमकं मलाच समजावायचा. "तुले समजलं म्हंजे बैलालेबी समजन." गॅमा किरणांत आकाश कसं दिसेल, याचा नकाशा तो काढत होता. बंद पडलेल्या एका उपग्रहाची जुनी मोजमापं त्याला मिळाली होती. पण किरण आले एवढंच त्या उपग्रहाला कळायचं. नेमके कुठून, ते नाही. एका दुपारी अनीसने माझ्या डोळ्यांवर काळं फडकं बांधलं, स्टुडिओतला मोठा दिवा लावला आणि तोंडासमोरून एक पुठ्ठा सरकवत नेला. "चेहऱ्याची गरमी कधी गेली, सांग." गेली, त्या क्षणी दिवा पुठ्ठ्याच्या कडेच्या रेषेवर कुठंतरी होता. मग पुठ्ठा आडवा, मग तिरका... साऱ्या रेषा जिथं एकमेकींना छेदतील, तिथं दिवा. उपग्रहासाठी पृथ्वी हाच पुठ्ठा; ती आड आली की किरण थांबायचे. मला समजलं, पण दारात आलेलं गिऱ्हाईक, मला भूत लागलंय असं समजून, आल्या पावली परत गेलं.

त्या वर्षांत माझ्याकडे लग्नांपेक्षा गेलेल्या माणसांचे, हार घालायचेच फोटो जास्त यायचे. मतदार कार्डावरचा धुरकट चेहरा मोठा करायचा, उन्हाचे डाग काढायचे, माणूस उजळ करून घरी पाठवायचा. हात त्यालाच बसलेला. अनीसने नकाशा मोठा छापायला दिला, तेव्हा कोपऱ्यातला एक फिकट ठिपका मी मोठ्या प्रेमाने साफ केला. त्याने छापील नकाशाच्या त्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"दिल्या, हे काहून केलं बे? बाकीचे ठिपके साऱ्या दुनियेले मालूम हायेत. मी याच्याच मांगं लागून राह्यलो ना!"

"मले डाग वाटला."

"तुले आकाशबी नवरीच दिसते काय?"

ठिपक्यासकट पुन्हा छापून दिलं. "पण खरा हाय का तो?" मी विचारलं.

"आणखी रेषा पाह्यजेत. एका बाजूनं काहीबी दिसते."

शेवटचा भेटला तो स्टुडिओतच. हातात छातीच्या स्कॅनची फिल्म. "तेच गणित, दिल्या. मशीन चारी बाजूनं रेषा मारते. या खेपेले आकाश मी." फुप्फुसात एक फिकट ठिपका होता. "हा काढून दे ना... तुले सवय हाय." मी हसायला गेलो, जमलं नाही. म्हटलं, "एका बाजूनं काहीबी दिसते, तूच म्हणतं ना?"

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "साऱ्या बाजूनं पाह्यलं त्यायनं."

नकाशाची दुसरी प्रत स्टुडिओत लावली आहे. त्यातला ठिपका खरा की खोटा, ते अजून ठरलेलं नाही. ठरवणारा अर्ध्यावरच गेला. परवा एक बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या फोटोले डाग पडला. पुसून टाका ना."

"राहू द्या, ताई," मी म्हटलं. "तो आमच्या अनीसचा हाय."